नंबर आपला, डेटा तिथला: परदेशात माल बघायला निघालेल्या दुकानदारासाठी



परदेशात जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न व्हिसाचा असतो आणि दुसरा जेवणाचा. मोबाईलचा प्रश्न आठवतो तो थेट विमानतळावर, बोर्डिंगच्या रांगेत. "अरे, तिथं नेट चालन का?" मग घाईघाईत जे पॅक दिसेल ते मारायचं, नाहीतर "हॉटेलात वायफाय असतेच" म्हणून सोडून द्यायचं.

फिरायला गेलेल्या माणसाचं यात फार तर फोटो टाकायचे राहतात. पण तुम्ही फिरायला नाही, धंद्यासाठी चालले आहात. अमरावतीचा कापडवाला ग्वांगझूला माल बघायला जातो, वरुड-मोर्शीचा संत्रावाला दुबईत ग्राहक शोधायला जातो, अकोल्याचा दालमिलवाला मशीन बघायला जातो. या माणसाचं तिकडे नेट बंद पडलं, तर इकडे दुकानाचे व्यवहार अडकतात. बँकेचा ओटीपी येत नाही, जीएसटीचं रिटर्न जात नाही, ट्रान्सपोर्टवाल्याला पैसे सुटत नाहीत. आणि दुकानातला पोरगा म्हणतो, "शेठचा फोनच लागत नाही."

व्हिडिओत हा विषय मी थोडक्यात घेतला होता. इथे सविस्तर लिहितो, म्हणजे निघायच्या आधी एकदा वाचून टिक करत जाता येईल.

सगळ्यात आधी: नंबर वेगळा, डेटा वेगळा

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं आहे. आपल्या मोबाईलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र राहतात. एक आपला नंबर, दुसरा इंटरनेटचा डेटा. बडनेऱ्यात दोन्ही एकाच सिमवर येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

नंबर म्हणजे तुमची ओळख. बँकेत तोच, आधारला तोच, जीएसटी पोर्टलवर तोच, व्हॉट्सअ‍ॅपवर तोच, युपीआयला तोच. तो बदलता येत नाही आणि दुसऱ्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. दुकानात गल्ल्याची किल्ली असते ना, तसं समजा.

डेटा म्हणजे पेट्रोल. कोणत्याही पंपावरून घेतलं तरी गाडी चालते. जिथे स्वस्त आणि चांगलं मिळेल तिथून घ्या.

बरेच जण नेमकं उलटं करतात. तिथलं स्वस्त सिम घेतात, आपलं सिम काढून पाकिटात ठेवतात. इंटरनेट झकास चालतं, पण ओटीपी त्या पाकिटातल्या सिमवर येणार असतो. दुसरे काही जण आपल्याच सिमवर, कोणतंही पॅक न घेता डेटा चालू ठेवतात आणि बिल बघून डोक्याला हात लावतात. आपण मधला रस्ता धरायचा. आपलं भारतीय सिम फोनमध्येच, चालू ठेवायचं, ओटीपीसाठी. डेटा कुठून घ्यायचा तो हिशोब वेगळा करायचा.

रोमिंगमध्ये आत काय चालतं?

थोडी तांत्रिक गोष्ट आहे, पण पुढे कामाला येईल.

तुम्ही दुबईत उतरून फोन चालू केला की तो तिथल्या एखाद्या कंपनीचं नेटवर्क पकडतो. ती कंपनी तुमच्या भारतीय कंपनीला विचारते, "हा ग्राहक तुमचा का? याला सेवा द्यायची का?" तुमच्याकडे इंटरनॅशनल रोमिंग चालू असेल तर इकडून होकार जातो आणि नेटवर्क मिळतं. रोमिंग चालूच केलेलं नसेल तर टॉवर दिसतो, पण फोनवर "नो सर्व्हिस" राहतं. म्हणून ही परवानगी भारतातूनच चालू करून निघायची. तिथे गेल्यावर चालू करायला पुन्हा नेट लागतं, तेच तर नसतं.

दुसरी गोष्ट. रोमिंगवर वापरलेला डेटा सहसा तिथून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी तुमच्या भारतीय कंपनीच्या यंत्रणेकडे येतो आणि मग बाहेर पडतो. त्यामुळे थोडा हळू वाटतो. पण याचा एक फायदा आहे, तो चीनच्या भागात सांगतो.

तिसरी गोष्ट, पैशाची. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस आपल्या मोठ्या कंपन्यांकडे सहसा फुकट असतो, म्हणजे ओटीपीला पैसे पडत नाहीत. पण आलेला कॉल उचलला तर पैसे लागतात, पॅक नसेल तर चांगलेच लागतात. इकडून उधारीवाला "कधी येता?" विचारायला फोन करतो, तुम्ही पाच मिनिटं बोलता, आणि मीटर तुमचं फिरतं. फोन कट करा, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्या.

डेटा घ्यायचे तीन रस्ते

पहिला: आपल्याच कंपनीचं रोमिंग पॅक. सगळ्यात सोपं. फोनमध्ये काही बदलायचं नाही, घरूनच रिचार्ज मारायचा, तिथे उतरून डेटा रोमिंग चालू करायचं. तीन-चार दिवसांच्या दौऱ्याला हेच बरं. पॅक घेताना तीन गोष्टी वाचा. तुम्ही जाताय तो देश यादीत आहे का? विमान मध्ये जिथे बदलणार तो देश आहे का? आणि पॅकचे दिवस कधीपासून मोजतात, रिचार्ज केल्यापासून की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? बीएसएनएलवाल्यांनी आपल्या नंबरला त्या देशात रोमिंग मिळतं का, हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा: तिथलं लोकल सिम. दौरा दहा-पंधरा दिवसांचा असेल तर डेटा सहसा इथे स्वस्त पडतो. पासपोर्ट दाखवावा लागतो. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा शहरातल्या दुकानात बऱ्याचदा कमी पैसे लागतात, पण भाषेची अडचण येऊ शकते. फोनला दोन सिमचे खण असतील तरच हा रस्ता धरा. एकच खण असेल तर आपलं सिम काढावं लागेल, आणि ते आपल्याला करायचं नाही.

तिसरा: ई-सिम. हे फोनच्या आतच असतं, कार्ड घालायला लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की उतरतं. तुमच्या फोनमध्ये चालतं का हे बघायला डायलरवर *#06# दाबा. आयएमईआयच्या सोबत ईआयडी नावाचा लांब नंबर दिसला तर तुमचा फोन ई-सिमचा आहे. फोन दुसऱ्या कंपनीला लॉक केलेला नसावा, एवढं बघा. प्रवासासाठी मिळणारी बहुतेक ई-सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. आपल्याला तेच पाहिजे, नंबर आपला आहेच.

ई-सिमबाबत एक सावधगिरी. परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी 2024 मध्ये अशी परवानगी नसलेली काही ई-सिम अ‍ॅप सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली. तेव्हा कोणीतरी टेलिग्रामवर स्वस्तात कोड देतो म्हणून घेऊ नका. परवानगी असलेला विक्रेता पासपोर्टची प्रत मागतो, त्याला घाबरायचं कारण नाही. किंमत डॉलरमध्ये असेल तर तुमची बँक वरून चलन बदलण्याचा आकार लावते, तो धरूनच तुलना करा.

सेटिंग, जी चुकली की पैसे जातात

दोन सिम असली की फोनमध्ये चार गोष्टी बघायच्या.

1. मोबाईल डेटासाठी दुसरं सिम निवडा, म्हणजे ई-सिम किंवा लोकल सिम.
2. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा. सिम चालू, डेटा बंद.
3. दुसऱ्या सिमचं डेटा रोमिंग चालू करा. प्रवासी ई-सिम तिथेही पाहुणंच असतं, म्हणून त्याला रोमिंग लागतं.
4. "नेटवर्क कमजोर असेल तर दुसऱ्या सिमचा डेटा वापरा" अशा अर्थाचा पर्याय आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतो. तो बंद करा. नाहीतर फोन गुपचूप भारतीय सिमवर जातो आणि तुम्हाला समजतही नाही.

मग फोटोंचा आपोआप बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड मोबाईल डेटावर बंद ठेवा. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा ग्रुप असतात आणि रोज सकाळी प्रत्येकात शुभ सकाळचे फोटो आणि व्हिडिओ. बडनेऱ्यात ते फुकट वाटतात. तिथे त्याचेच पैसे मोजतो आपण.

हिशोब करून बघा. पॅक नसताना एका एमबीला 5 रुपये दर आहे असं उदाहरणापुरतं धरा. 1 जीबी म्हणजे 1024 एमबी, म्हणजे 5120 रुपये. अर्धा तास यूट्यूब बघितलं तरी एवढा डेटा जाऊ शकतो. पॅक आणि बिनपॅक यांच्यातला फरक एवढा असतो.

किती जीबी घ्यायचा हे सेल्समनला विचारू नका. तुमचा फोन सांगतो. सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान उघडा. मागच्या महिन्यात किती गेला आणि त्यात यूट्यूब-रीलचा वाटा किती, ते बघा. तो वाटा वजा करा, उरलेल्याला तीसने भागा, दौऱ्याच्या दिवसांनी गुणा. मालाचे फोटो, व्हिडिओ कॉल आणि नकाशा यासाठी थोडा वाढवून घ्या. झाला आकडा.

आणि विमानात बसलात की फ्लाइट मोड. काही विमानांत आणि जहाजांवर सॅटेलाइटचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. फोन ते पकडतो, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुतेक वेळा धरलेलं नसतं. दरही जास्त.

चीन: कँटन फेअरला जाणाऱ्यांसाठी

ग्वांगझूचा कँटन फेअर 1957 पासून भरतो, वर्षातून दोनदा. वसंतात 15 एप्रिल ते 5 मे, शरदात 15 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर, प्रत्येकी तीन टप्प्यांत. मशीनरी, इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअर पहिल्या टप्प्यात, घरगुती वस्तू आणि गिफ्ट दुसऱ्यात, कपडे आणि खेळणी तिसऱ्यात. 26 ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता ते ग्वांगझू थेट विमानही सुरू झालं. आपलं बडनेरा हावडा लाइनवर, त्यामुळे गीतांजलीने कोलकाता गाठून जायचा विचार काही जण करतात.

पण चीनमध्ये तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, जीमेल, यूट्यूब, फेसबुक बंद आहे. हॉटेलच्या वायफायवर बंद, लोकल सिमवरही बंद. म्हणजे "हॉटेलात वायफाय असतेच" हे इथे उपयोगाचं नाही.

आता मघाची गोष्ट आठवा. रोमिंगचा डेटा आपल्या देशाच्या यंत्रणेतून बाहेर पडतो. त्यामुळे भारतीय सिमच्या रोमिंग पॅकवर चीनमध्येही व्हॉट्सअ‍ॅप आणि जीमेल सहसा चालतं. म्हणून दुसऱ्या देशात मी लोकल सिम सांगेन, पण चीनला जाताना आपल्याच कंपनीचं पॅक, किंवा चीनच्या बाहेरून चालणारं प्रवासी ई-सिम. घेताना "व्हॉट्सअ‍ॅप चालतं का" हे स्पष्ट विचारा.

दुसरी अडचण वीचॅटची. चिनी कारखानदार सगळं वीचॅटवर बोलतो. आपल्या सरकारने 29 जून 2020 ला ज्या 59 अ‍ॅपवर बंदी घातली त्यात वीचॅट आहे. तेव्हा स्टॉलवर उभं असतानाच त्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ईमेल मागून घ्या. एक्स्पोर्ट करणारे बरेच जण दोन्ही ठेवतात. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढा, त्याच फोटोत मालाचा नमुना धरा. परत आल्यावर शंभर कार्डांत कोण कोणता, हे आठवत नाही.

हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहून फोनमध्ये आणि कागदावर ठेवा. शहराचा नकाशा आधीच डाउनलोड करा. नेट गेलं तरी टॅक्सीवाल्याला कागद दाखवता येतो.

दुबई: मेसेज जातो, कॉल नाही

दुबईत, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट जातात. पण तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचा ऑडिओ आणि व्हिडिओ कॉल चालत नाही. फक्त परवानगी असलेली कॉलिंग अ‍ॅप चालतात. बरेच जण सांगतात, "व्हीपीएन टाक, सगळं चालते." ऐकू नका. तिथल्या 2021 च्या सायबर कायद्यात, गुन्हा करायला किंवा लपवायला अशा प्रकारे पत्ता लपवला तर 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. दोन फोन वाचवायला हा धोका घ्यायचा नाही.

घरच्यांना आणि दुकानाला आधीच सांगून ठेवा: "दुबईत असताना कॉल करू नका, व्हॉइस नोट टाका." नाहीतर इकडे घरी काळजी, की फोन का उचलत नाही.

युपीआयचं म्हणाल तर संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर, भूतान, नेपाळ, मॉरिशस, श्रीलंका आणि फ्रान्स इथे ठराविक ठिकाणी ते स्वीकारतात. पण अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर वेगळा चालू करावा लागतो, आणि युपीआयचं सिम फोनमध्ये असलं पाहिजे. त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. डेबिट-क्रेडिट कार्डाचा परदेशातला वापरही 2020 पासून नव्या कार्डावर मुळात बंद येतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि तिथेही ओटीपीच लागतो. म्हणजे पुन्हा नंबर.

20 आणि 22 तारीख विसरू नका

दौरा ठरवताना आपण हॉलिडे बघतो, सण बघतो, जीएसटी बघत नाही.

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची 3बी ची तारीख 20 असते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेले जे तिमाही पद्धतीत आहेत, त्यांची महाराष्ट्रात तारीख असते 22. म्हणजे जानेवारी ते मार्चचं रिटर्न 22 एप्रिलला, आणि जुलै ते सप्टेंबरचं 22 ऑक्टोबरला. सरकारने मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी. आता वर बघा, कँटन फेअर कधी असतो? 15 एप्रिलपासून आणि 15 ऑक्टोबरपासून. दोन्ही वेळेस रिटर्नची तारीख बरोबर दौऱ्याच्या मध्ये येते.

प्रोप्रायटरशिपवाले रिटर्न बहुतेक ओटीपीने भरतात. तो ओटीपी पोर्टलवर नोंदलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर येतो. मोबाईल पाकिटातल्या सिमवर, आणि जीमेल चीनच्या वायफायवर बंद. दोन्ही दरवाजे बंद! सीए इकडून फोन लावतोय, रिटर्न तयार आहे, फक्त सहा आकडे पाहिजेत, आणि तेच मिळत नाहीत. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि राहिलेल्या करावर 18 टक्क्यांनी व्याज. पैसे फार नसतील, पण तुमच्या बिलावर क्रेडिट घेणारा ग्राहक ओरडतो.

सोपा उपाय: निघायच्या आधी रिटर्न भरून टाका. मुदतीच्या आधी भरायला कोणी अडवत नाही. सीएला दौऱ्याच्या तारखा पंधरा दिवस आधी द्या. आणि राहिलंच, तर ओटीपीची वेळ ठरवून घ्या. चीन आपल्या अडीच तास पुढे आहे, दुबई दीड तास मागे. इकडे संध्याकाळी साडेसात म्हणजे ग्वांगझूत रात्रीचे दहा. सीएने रात्री साडेदहाला ओटीपी मागितला तर तुम्ही झोपलेले असाल.

तार वाचायला इकडेही माणूस लागतो

वऱ्हाडाला ही परदेशाशी जोडून राहायची गोष्ट नवी नाही. 1867 मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. 1870 मध्ये लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वे सुरू केली, आणि त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. आपल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारावर हलायचा, आणि ती बातमी ज्याला आधी मिळाली तो फायद्यात. पण तार नुसती येऊन चालत नाही. इकडे ती वाचून सौदा करणारा माणूस बसलेला लागतो.

तुमच्या दुकानात असा माणूस कोण आहे? सगळे व्यवहार, सगळे ओटीपी, सगळे पासवर्ड एकाच फोनमध्ये आणि एकाच डोक्यात असतील, तर तुम्ही विमानात बसलेल्या सहा-आठ तासांत दुकान आंधळं होतं. ते तर कोणतंही पॅक घेऊन सुटणार नाही.

म्हणून निघायच्या आधी एवढं करा:

- रोजचे पेमेंट करायला घरातल्या एका विश्वासू माणसाला बँकेत अधिकृत वापरकर्ता म्हणून जोडा, मर्यादा ठरवून. स्वतःचा पासवर्ड किंवा पिन कागदावर लिहून देऊ नका. त्याच्या नावाचा वेगळा अधिकार घ्या.
- ई-वे बिलाच्या पोर्टलवर कर्मचाऱ्यासाठी उपवापरकर्ता बनवता येतो. तो बनवा, म्हणजे गाडी भरून उभी राहणार नाही.
- ठरलेली देणी, पगार, भाडं, हप्ता आधीच देऊन टाका किंवा तारीख लावून ठेवा.
- घर आणि दुकानासाठी एक खुणेचा शब्द ठरवा.

हा शेवटचा मुद्दा नीट वाचा. शेठ परदेशात आहे हे सगळ्या बाजाराला माहीत असतं, स्टेटसवर विमानतळाचा फोटो तुम्हीच टाकलेला असतो. मग नव्या नंबरवरून, तुमचाच फोटो लावून, मुनीमजींना मेसेज येतो: "माझा फोन बंद पडला, हा नवा नंबर, या खात्यावर 80 हजार टाका, अर्जंट." तुमचा फोन खरंच लागत नसतो, म्हणून तो खरा वाटतो. तेव्हा नियम करा: खुणेचा शब्द सांगितल्याशिवाय एक रुपया जाणार नाही. तिकडच्या कारखानदाराने "आमचं बँक खातं बदललं" असा ईमेल पाठवला तरी तसंच. आधीच्या ओळखीच्या नंबरवर बोलल्याशिवाय ॲडव्हान्स टाकू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन लावा. पहिल्या काही तासांत पैसे थांबवायची शक्यता जास्त असते.

बडनेऱ्यातून निघताना: तारीखवार यादी

पंधरा दिवस आधी. सीएला तारखा द्या. फोन ई-सिमचा आहे का बघा. आपलं भारतीय सिम ई-सिममध्ये बदलायचं असेल तर आत्ताच बदला. सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद राहतात. आदल्या संध्याकाळी अमरावतीत सिम बदललं, रात्री विदर्भ एक्स्प्रेसला बसलात, सकाळी मुंबईत, दुपारी विमान, तर सगळ्या घाईच्या वेळी ओटीपी बंद.

आठ दिवस आधी. तुमच्या नेहमीच्या रिचार्जची मुदत बघा. दौऱ्याच्या मध्ये ती संपत असेल तर आधीच वाढवा. रोमिंग पॅक असलं तरी मूळ रिचार्ज संपला की नंबरवर परिणाम होतो. इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. कार्डाचा परदेश वापर चालू करा.

तीन दिवस आधी. फोनमधले महत्त्वाचे नंबर +91 लावून सेव्ह करा. नुसते दहा आकडे तिथून लागत नाहीत. एका कागदावर हे लिहा: घरचा नंबर, दुकानाचा, सीएचा, बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, मोबाईल कंपनीचा नंबर, हॉटेलचा पत्ता, भारतीय दूतावासाचा फोन. फोन चोरीला गेला तर हाच कागद कामाचा. सिम आणि कार्ड बंद करायला पहिला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करावा लागतो, आणि नंबर कोणालाच पाठ नसतात.

निघायच्या दिवशी. ई-सिम घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, पण चालू केव्हा करायचं ते वाचा. काहींचे दिवस चालू केल्यापासून लगेच मोजतात. 16 एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान आहे. तिथून जा नाहीतर रेल्वेने, हे काम मात्र घरूनच करून निघा. विमानतळाच्या वायफायवर सोडू नका. तिथे आत जायलाही कधी कधी ओटीपीच लागतो.

उतरल्यावर. फ्लाइट मोड काढा, पाच मिनिटं थांबा. भारतीय सिमला नेटवर्क आलं का बघा, डेटा कोणत्या सिमवर आहे बघा. घरून कोणाला तरी साधा एसएमएस करायला सांगा. तो आला म्हणजे ओटीपी येणार. मगच विमानतळाच्या बाहेर पडा, कारण अडचण असेल तर सोडवणारे काउंटर आतच असतात.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर ते विचारेल, "नवा नंबर वापरताय का?" नाही म्हणा. जुनाच नंबर ठेवा. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपना आदेश दिला की नोंदणीचं सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. म्हणजे आपलं सिम काढून पाकिटात ठेवायची सवय यापुढे आणखी महागात पडणार.

हॉटेलच्या फुकट वायफायवर बातम्या बघा, घरच्यांशी बोला, पण बँक उघडायची झाली तर मोबाईल डेटावरच उघडा.

एक सोपी परीक्षा सांगतो. निघायच्या आदल्या रविवारी दुकान चालू असताना दोन तास फोन बंद करून घरी बसा. परत चालू केल्यावर बघा, किती कामं फक्त तुमच्यामुळे अडली होती. जेवढी अडली, तेवढी यादी दौऱ्याच्या आधी सोडवायची आहे. ती यादी लहान झाली की मग पॅक कोणतं घ्यायचं हा प्रश्न दहा मिनिटांचा आहे.

चला, सुखरूप जा, चांगला माल बघा, भावात घासाघीस करा. आणि उतरल्या उतरल्या घरी एक मेसेज टाका, "पोचलो" म्हणून.